गांधीबागेत बसून ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ वाचताना

शाळेत तुम्हीही तो निबंध लिहिला असेल: ‘विज्ञान, शाप की वरदान?’ अर्धं पान वीज, लस आणि रेल्वे. अर्धं पान अणुबॉम्ब आणि प्रदूषण. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य, की विज्ञान वाईट नसतं, त्याचा वापर कसा करायचा हे माणसाच्या हातात असतं. त्या वाक्याला मार्क मिळायचे. आता विज्ञानाच्या जागी ‘एआय’ आलंय, पण निबंध तोच आहे आणि शेवटचं वाक्यही तेच.

‘माणसाच्या हातात’ म्हणजे नेमक्या कोणत्या माणसाच्या? डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांचं ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ (२०२३) हे जाडजूड पुस्तक हाच प्रश्न हातात धरून हजार वर्षांचा इतिहास चाळतं. दोघंही एमआयटीत शिकवतात. २०२४ मध्ये जेम्स रॉबिन्सन यांच्यासोबत या दोघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यानंतर या पुस्तकाची चर्चा आपल्याकडेही वाढली. चर्चेत बहुतेकदा दोन-तीन वाक्यं फिरतात, युक्तिवाद मागे राहतो. म्हणून आधी पुस्तकाचं म्हणणं सोपं करून सांगते, आणि मग ते आपल्या गांधीबागेत आणून घासून बघते. माझं मत आधीच सांगून टाकते: पुस्तक प्रश्न अगदी बरोबर विचारतं, पण ज्यांची कधी मोजदादच झाली नाही अशा माणसांपाशी आलं की अडखळतं. नागपूरच्या कापडाच्या इतिहासात अशी माणसं भरपूर आहेत, आणि त्यांत बाया जास्त आहेत.

वरात आणि वऱ्हाडी

अर्थशास्त्रात एक जुना भरवसा आहे. नवं तंत्र आलं की उत्पादकता वाढते, उत्पादकता वाढली की मालकाला आणखी माणसं हवी असतात, माणसांना मागणी आली की मजुरी वाढते. लेखक याला ‘प्रॉडक्टिव्हिटी बँडवॅगन’ म्हणतात. मी तिला वरात म्हणते. बँडची गाडी पुढे निघाली की वऱ्हाडी आपोआप मागे चालू लागणार, असा तो भरवसा.

पुस्तकाचं म्हणणं असं, की वरातीत ‘आपोआप’ काहीच होत नसतं. समजा, गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या पेढीवर दहा माणसं मिळून दिवसाला हजार थानांचा हिशेब, बिलं आणि रवानगी बघतात. मालकाने सॉफ्टवेअर घेतलं, आता चार माणसांत तेवढंच काम होतं. माणशी शंभर थानं होती ती अडीचशे झाली. ही सरासरी उत्पादकता, आणि ती अडीचपट वाढली. पण मालक पाचवा माणूस ठेवताना सरासरी बघत नाही. हा पाचवा आल्याने माझ्या गल्ल्यात किती भर पडेल, हे बघतो. याला सीमांत उत्पादकता म्हणतात, आणि आपल्या उदाहरणात ती जवळजवळ शून्य आहे. मग पगार कशाला वाढवायचा?

आता दुसरं चित्र बघा. तेच सॉफ्टवेअर आल्यावर पेढीला गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाड्याच्या छोट्या दुकानांच्याही ऑर्डरी घेता येऊ लागल्या. मग माल निवडणारे, बांधणारे, परताव्याचा निकाल लावणारे लागतात. नवी कामं जन्माला आली. इथे वरात खरंच पुढे सरकते.

तेव्हा पहिली अट अशी, की तंत्राने माणसाच्या हातून काम नुसतं काढून घेऊ नये, नवं कामही द्यावं. दुसरी अट, की वाढलेल्या कमाईतला वाटा मागण्याची ताकद काम करणाऱ्यांकडे हवी: संघटना, मत, कायदा. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीची पहिली शंभरेक वर्षं ही ताकद नव्हती. कामाचे तास वाढले, मजुरी जेमतेम हलली. नंतर रेल्वेने नव्या कामांचं दार उघडलं, कामगार संघटित झाले, मताधिकार वाढला, तेव्हा कुठे वऱ्हाडींच्या ताटात काही पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही दशकं दोन्ही अटी बऱ्यापैकी पाळल्या गेल्या. १९८० च्या आसपास अमेरिकेत गाडी पुन्हा उलट्या दिशेला वळली, आणि आजचं एआय त्याच रस्त्यावर चाललंय, असा लेखकांचा इशारा आहे.

हे सगळं मला पटतं. ‘तंत्रज्ञान येणारच, आपण फक्त जुळवून घ्यायचं’ हे वाक्य आपण ज्या शहाणपणाने एकमेकांना ऐकवतो, त्याला या पुस्तकाने चांगला सुरुंग लावलाय. कोणतं तंत्र, कशासाठी, कुणाच्या पैशाने बनवायचं हे कुणीतरी ठरवत असतं. लेखकांचं एक उदाहरण तर आपल्या अंगणापर्यंत येतं. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र आणलं. कापसाची उत्पादकता झपाट्याने वाढली, आणि त्यासोबत दक्षिणेतली गुलामगिरी आटायच्या ऐवजी फोफावली. तो कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, पुरवठा आटला, आणि लँकेशायरची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर गेली. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपुरात पोचली.

सतरा वर्षं आणि सतरा दिवस

रेल्वेने कापूस नेला, आणि त्याच रेल्वेने सूत नि कापड आणलं. ती स्पर्धा केवढी होती, हे वस्त्रोद्योगाच्या इतिहासातल्या एका नेहमीच्या हिशेबावरून कळतं. शंभर पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो कापसाचं सूत कातायला भारतातल्या हातकताईला ५०,००० तास लागत. इंग्लंडमध्ये १८२५ च्या सुमाराला आलेल्या स्वयंचलित म्यूल यंत्राला १३५ तास पुरत. दिवसाला आठ तास धरा: एका बाईची सुट्टी न घेता सतरा वर्षं, आणि यंत्राचे सतरा दिवस.

मग यंत्रच नागपुरात आलं. जमशेदजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची दलदलीची जमीन घेऊन भराव टाकला. इथल्या एका सावकाराने कर्ज नाकारताना, हा माणूस मातीत सोनं ओततोय असं म्हटलं होतं, आणि पुढे याने तर माती घालून सोनं काढलं, अशी कबुली दिली, ही गोष्ट टाटांच्या चरित्रात येते. १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. लँकेशायर अजून जुन्या म्यूलवर विसंबून असताना इथे रिंग स्पिंडलचे प्रयोग झाले. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. असेमोग्लू-जॉन्सन यांच्या फूटपट्टीने मोजलं तर नागपूर पासांत बसतं: नवं तंत्र, नवी कामं, आणि काही प्रमाणात वाटाही.

हातमागाचं काय झालं? आपल्या डोक्यात साधी गोष्ट असते, की गिरणी आली आणि विणकर मेला. संशोधन वेगळं सांगतं. पीटर हार्नेटी यांनी १९९१ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये मध्य प्रांतातल्या हातमाग विणकरांवर लेख लिहिला. त्यात दिसतं ते असं, की विणकाम आकसलं, पण संपलं नाही. स्वातंत्र्यापर्यंत ते तगून राहिलं, आणि तगण्याचं एक मोठं कारण म्हणजे गिरणीचंच सूत. एकसारखं, मजबूत, स्वस्त. तीर्थंकर रॉय यांनी एकूण भारताबद्दल आणि डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांबद्दल याच अंगाने लिहिलंय: कारागीर नुसते बळी नव्हते. त्यांनी दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा घेतला, बाजार बदलले, नवे नमुने काढले. तांडापेठ, पाचपावली, मोमिनपुऱ्यात पुढेही माग खडखडत राहिले, त्यामागे ही धडपड आहे.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. कापड स्वस्त झालं. ज्यांच्या अंगावर एकच लुगडं असायचं, त्यांना दुसरं घेणं थोडं सोपं झालं. हा फायदा पुस्तकी नाही, हाडामांसाचा आहे. कातणारी बाई ही कापडाची गिऱ्हाईकही होतीच.

पण एवढ्या वेळात तुमच्या लक्षात आलं का, की गिरणीच्या सुताने विणकराला तारलं, तेव्हा ज्या हातांनी आधी सूत कातलं जायचं ते हात या गोष्टीतून निघूनच गेले?

गाळलेला रकाना

हातकताईत एका मागाला सूत पुरवायला अनेक हात लागत, आणि ते बहुतेक बायकांचे. स्वयंपाक, शेण-झाडलोट, मजुरी यांच्या मधल्या वेळात, पेळू हातात घेऊन. विधवेला, म्हातारीला, घराबाहेर न पडणाऱ्या बाईला चार पैसे देणारं हे काम. गिरणीच्या एका स्पिंडलने सगळ्यात आधी त्याचा घास घेतला.

त्याची नोंद कुठे आहे? इथे भारताच्या आर्थिक इतिहासातला एक गाजलेला वाद बघू. अमियकुमार बागची यांनी १९७६ मध्ये बिहारसाठी हिशेब मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुकॅननने केलेली पाहणी आणि १९०१ ची जनगणना यांची त्यांनी तुलना केली. उद्योगावर जगणाऱ्यांचा वाटा १८.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आला, असा त्यांचा निष्कर्ष. बुकॅननच्या आकड्यांत कातणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि १९०१ पर्यंत ती विरघळून गेली होती. मारिका विक्झियानी यांनी त्यावर आक्षेप घेतला, की बुकॅननचे आकडे इतका भार पेलतील असे नाहीत. आक्षेप रास्त आहे. त्याआधी १९६२ मध्ये डॅनियल थॉर्नर यांनी १८८१ ते १९३१ च्या जनगणना तपासून म्हटलं होतं, की या काळात उद्योगाचा फार मोठा ऱ्हास दिसत नाही. हे तपासताना त्यांनी बायकांचे आकडे बाजूला ठेवले, कारण ते भरवशाचे नव्हते. दर जनगणनेत कामकरी बाईची व्याख्या बदलत होती. एका खेपेला ती कातणारी, दुसऱ्या खेपेला नवऱ्याच्या धंद्यावर अवलंबून असलेली.

थॉर्नर चुकले असं मी म्हणत नाही. खराब आकडे वापरू नयेत, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पण परिणाम बघा. जिथे सगळ्यात मोठं नुकसान झाल्याचा संशय आहे, नेमका तोच रकाना पद्धतीच्या शुद्धतेसाठी गाळला गेला. उरलेल्या रकान्यांवरून ‘फारसं काही बिघडलं नाही’ असं उत्तर निघालं. शिवाय १८८१ ची जनगणना होईपर्यंत देशाच्या बऱ्याच भागांत हातकताई ओसरलेली होती. घर जळून गेल्यावर पंचनामा सुरू झाला.

आता ‘पॉवर अँड प्रोग्रेस’कडे परत या. वाटा मागण्याची ताकद, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत प्रतितोल सत्ता, हा त्यांच्या उपायाचा कणा आहे. एम्प्रेस गिरणीतल्या कामगाराला ती पुढे मिळाली. नागपुरात आर. एस. रुईकरांसारखे कामगार पुढारी उभे राहिले. संप करायला फाटक होतं, बोलणी करायला समोर मालक होता. कातणारीसमोर कोण होतं? तिचं काम कुणी काढून घेतलं नाही, एके दिवशी सूत विकत घेणारा यायचा थांबला. ज्या कामाला फाटक नाही, त्याचा संप होत नाही. पुस्तकातला ‘कामगार’ हा बहुतेक वेळा कारखान्यात, कार्यालयात किंवा गोदामात असतो, कुणाच्या तरी हजेरीपटावर असतो. त्याचे इतिहासाचे दाखले मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेचे आहेत, तिथे हे बरंचसं चालून जातं. आपल्याकडे बहुसंख्य माणसं हजेरीपटाच्या बाहेर काम करतात.

दुसरी अडचण घराच्या आत आहे. लेखक ‘कामगार विरुद्ध मालक’ असं मांडतात, पण नागपुरात यंत्राने एका कष्टकऱ्याचं नुकसान करून दुसऱ्या कष्टकऱ्याला तारलं. विणकराच्या घरात कांड्या भरणं, ताण्याला खळ लावणं हे बायका-पोरांचं काम, मजुरी मात्र विणलेल्या कापडाची, आणि ती मागावर बसणाऱ्याच्या नावाने. ‘विणकर तगला’ हे वाक्य खरं आहे, पण ते घराच्या दारापर्यंतच खरं आहे.

गांधींनी मोजलं, आंबेडकरांनी विचारलं

या बाईला ज्यांनी राजकारणाच्या मधोमध आणून बसवलं, त्यांचं नाव आपल्या बाजाराला आहे. गांधी यंत्राचे शत्रू होते, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं, आणि १९०९ च्या ‘हिंद स्वराज’पुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. झोपडीत चालला पाहिजे. बाईला फार न दमता आठ तास चालवता आला पाहिजे. आठ तासांत १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत हवी. वीस वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण वापरणारीच्या पाठीचं, खिशाचं आणि घराचं माप आधी घेऊन मग अभियंत्यांना ‘आता बनवा’ म्हणणारं दुसरं असं जाहीर आव्हान मला चटकन आठवत नाही. असेमोग्लू-जॉन्सन ‘तंत्रज्ञानाची दिशा निवडता येते’ म्हणतात, तेव्हा ती निवड कागदावर कशी दिसेल याचा हा आपल्याकडचा नमुना. १९३५ मध्ये तर गांधींनी कातणारीला जगण्यापुरती मजुरी द्याच असा आग्रह धरला. त्याने खादी महाग झाली, तरी.

इथे थांबलं तर आपला निबंध गोड होईल. पण नागपूरचा दुसरा वारसा थांबू देत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाची कडक झडती घेतलीय. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवायचं तर यंत्र हवंच. यंत्राने फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे. मध्य प्रांतात जाडंभरडं कातणं-विणणं हे महार समाजाच्या अनेक घरांचं पोट होतं. ते गेलं तेव्हा भाकरी गेली, हे खरं. त्यातलेच अनेक जण एम्प्रेस गिरणीत गेले, रोख पगार हातात आला, गावकीचा दोर ढिला झाला, हेही तितकंच खरं. हरवलेलं काम प्रत्येक वेळी जपण्यासारखंच होतं, असं गृहीत धरणं हा पोट भरलेल्या माणसाचा हळवेपणा असू शकतो.

आणि तरी नुसत्या यंत्रावर विसंबूनही चालत नाही, हे आंबेडकरांनीच दाखवून दिलं. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्याच्या छिद्रातून सुताचं टोक ओढायला विणकर तोंड लावून श्वासाने ते खेचायचा. त्या धोट्याला महाराचं तोंड लागायला नको. माग मँचेस्टरचा, विटाळ आपला. १९२८-२९ च्या संपांच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. नवं यंत्र जुन्या समाजात येतं आणि त्याच्या सवयी उचलतं, हे ‘सीमांत उत्पादकते’च्या आकृतीत कुठेही दिसत नाही.

म्हणून माझी टीका दोन पायऱ्यांची आहे. कुणाचं काम ‘काम’ म्हणून मोजलं जातं, हे आधी बघा. आणि मोजल्यावर ते काम त्यांना हवं होतं का, हे त्यांनाच विचारा. पुस्तकात सत्तेची चर्चा आहे, पण तिच्या आधीची ही पायरी सुटलीय.

आजचा बाजार

आज गांधीबागेत उभं राहिलात तर दिसतं ते असं: हातगाड्यांवर कापडाच्या गाठी, गाद्यांवर उघडलेले ताके, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. साडीचे फोटो निघतात, ग्रुपवर जातात, पैसे फोनवरच येतात. एका जुन्या मुनिमांचं म्हणणं: “गिऱ्हाईक आता येतच नाही ना जी. फोटो पाह्यते अन् पन्नास पीस पाठवा म्हणते.” साडीचे नवे नमुने एआयला सांगून काढणं आता कुणालाही जमतं. मुनिमांचं काम जाईल का, हा प्रश्न आपण विचारू, कारण मुनीम दिसतात. नमुने काढणाऱ्या चित्रकारांचाही विचारू, कारण ते बोलू शकतात.

त्याच साडीला फॉल-पिको करणारी बाई मात्र बाजारात दिसत नाही. ती घरी असते, नगावर पैसे घेते, आणि जनगणनेचा माणूस आला तर बहुधा ‘घरीच असते’ असं सांगते किंवा तिच्या वतीने सांगितलं जातं. उद्या तयार शिवलेली साडी, आपोआप फॉल लावणारं यंत्र, किंवा थेट गिऱ्हाइकाच्या दारात माल टाकणारी कंपनी यांनी तिचं काम गेलं, तर शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसेल आणि त्याला पुन्हा रिकामा रकाना सापडेल. बागची-थॉर्नर वाद नव्याने सुरू.

एवढ्यासाठीच मला मोठमोठ्या कायद्यांइतकीच कंटाळवाणी सर्वेक्षणं महत्त्वाची वाटतात. माणसं दिवसभरात कोणत्या कामाला किती वेळ देतात, हे विचारणारं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण भारताने २०१९ मध्ये केलं. स्वातंत्र्यानंतर ७२ वर्षांनी! हातमागाची वेगळी गणना होते म्हणून आपण आज म्हणू शकतो, की २००९-१० मध्ये सुमारे ४३ लाख हातमाग कामगार होते आणि २०१९-२० मध्ये सुमारे ३५ लाख. आठ लाख कमी झाले हे निदान कळलं तरी. त्यातले किती जण बरं काम मिळालं म्हणून सोडून गेले आणि किती जण नाइलाजाने, हे मात्र त्या आकड्यात नाही. आंबेडकरांचा प्रश्न अजून बाकी आहे.

असेमोग्लू-जॉन्सन यांचे उपाय असे आहेत: बलाढ्य कंपन्या फोडा, डिजिटल जाहिरातींवर कर लावा, माणसाच्या कामाऐवजी यंत्राला सवलत देणारी करपद्धत बदला, आपला डेटा विकला जातो तर डेटा देणाऱ्यांच्या संघटना काढा. वाईट यातलं काहीच नाही. पण फॉल-पिको करणारीपर्यंत यातलं काय पोचेल, हे मला पुस्तक मिटल्यावरही सांगता येत नाही.

माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगते, नाहीतर ही टीका एकांगी होईल. सगळेच धोके असे वाटून-वाटून येत नाहीत. अण्वस्त्रं आणि तापणारी पृथ्वी खरोखर सगळ्यांवर येतात, आणि एआयबद्दलही काही जाणकारांना तशीच भीती वाटते. तिथे ‘मानवजात’ हा शब्द वापरावाच लागतो. (तरी उन्हाळ्यात ४५ अंशांत हातगाडी ओढणारा आणि एसीत बसलेला एकाच मानवजातीत सारखेच बसत नाहीत, हे गांधीबागेत कुणालाही पटेल.) पण रोजच्या पोटाच्या प्रश्नात ‘मानवजातीचा फायदा’ हे एकक घेतलं, की उत्तर नेहमी ‘एकंदरीत फायदाच’ असंच येतं. ५०,००० तासांचं काम १३५ तासांत होतंय, म्हणजे बेरीज अधिकच येणार. वजाबाकी कुणाच्या घरात झाली, हे त्या बेरजेत दिसत नाही.

तर पुस्तक वाचा का? जरूर वाचा. वेळ कमी असेल तर वरातीचं प्रकरण आणि औद्योगिक क्रांतीची प्रकरणं तरी वाचाच. फक्त वाचताना ‘कामगार’ हा शब्द आला की दर वेळी थांबून बघा, तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतंय. आणि पुढच्या वेळी साडीला फॉल लावून घ्याल, तेव्हा दुकानदाराला विचारा, की तुम्ही दिलेल्या पैशांतले त्या बाईला किती मिळतात. मी विचारून बघितलं. दुकानदाराने थोडा विचार केला आणि मला पैशांचा आकडा सांगितला. तिचं नाव विचारलं, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.